शंभर वर्षांची बस आणि पाण्यावरचा एक मार्ग

१५ जुलै १९२६ रोजी, ऐन पावसाळ्यात, कुलाब्याच्या अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत मुंबईची पहिली मोटारबस धावली. त्या दिवसाला यंदा शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. बेस्ट उपक्रम वयाने बसहून मोठा आहे आणि वीजपुरवठा हे त्याचे दुसरे अंग तितकेच महत्त्वाचे आहे. पण ही स्मरणिका बसची, म्हणून हा इतिहासही मुख्यतः बसचाच. त्यात एक छोटी भर मात्र आग्रहाने घातली आहे. मार्वे ते मनोरी हा खाडीवरचा मार्ग याच उपक्रमाने चालवला, आणि बसच्या इतिहासात त्याची आठवण सहसा एखाद्या ओळीपुरतीच निघते. बेटांवर वसलेल्या शहराच्या वाहतुकीची हकीकत सांगताना पाण्याला इतकी कमी जागा मिळावी, हे काही बरोबर नाही.

हा इतिहास कोणा एकाचा नाही. महाव्यवस्थापक आणि समितीचे अध्यक्ष यांची नावे फलकांवर आहेतच. पण पहाटेच्या पहिल्या गाडीसाठी अंधारात डेपो गाठणारे चालक-वाहक, रात्रपाळीत गाडीखाली उतरून ब्रेक तपासणारे कारागीर, चौकीतले स्टार्टर, तिकीट तपासनीस, नाण्यांच्या राशी मोजणारे रोखपाल, उपाहारगृहात चहाचे पहिले आधण चढवणारे हात, या सगळ्यांची नावे लिहायची तर स्मरणिकेचे अनेक खंड निघतील. म्हणून श्रेय सर्वांना एकत्रच दिले आहे.

बसच्या आधी : १८७४ ते १९२५

मुंबईत ट्राम आणण्याची पहिली परवानगी १८६५ च्या सुमारास एका अमेरिकन कंपनीला मिळाली होती. तेव्हा शहर कापसाच्या पैशाने आणि शेअरच्या सट्ट्याने फुगले होते. अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, आणि बुडालेल्या अनेक योजनांबरोबर ट्रामही कागदावरच राहिली. पुढे १८७३ मध्ये बॉम्बे ट्रामवे कंपनी स्थापन झाली आणि ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम रस्त्यावर आली. कुलाबा ते पायधुनी आणि बोरीबंदर ते पायधुनी हे पहिले दोन मार्ग. भाडे तीन आणे. तिकीट देण्याची पद्धत तेव्हा नव्हती, पैसे रोख घेतले जात. भाडे पुढे उतरत उतरत १८९९ मध्ये कितीही अंतरासाठी एका आण्यावर आले, आणि ट्राम खऱ्या अर्थाने शहराची झाली. घोड्यांच्या ट्रामचा काळ सरत आला तेव्हा कंपनीच्या तबेल्यांत १,३६० घोडे होते.

१९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी, म्हणजेच बेस्ट, स्थापन झाली. जुनी ट्राम कंपनी तिने ९८ लाख ५० हजार रुपयांना विकत घेतली. वाडीबंदरला वीजकेंद्र उभे राहिले आणि ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम सुरू झाली. वीज आणि वाहतूक एकाच संस्थेकडे असण्याची मुंबईची खास रीत इथून चालत आली. पुढच्या शंभर वर्षांत बसला जे आर्थिक बळ मिळाले, त्याचे मूळ या जोडणीत आहे. सप्टेंबर १९२० मध्ये ट्राम दुमजली झाली.

मोटारबसचा विचार १९१३ मध्येच सुरू झाला होता, पण तो तेव्हा बाजूला पडला. फेब्रुवारी १९२५ मध्ये बोरीबंदर ते कुर्ला ही देशातली पहिली विजेवरची रेल्वे सुरू झाली, आणि त्यानंतर दीड वर्षाच्या आत बसही आली. गिरण्या, गोद्या आणि कचेऱ्या यांच्यात रोज ये-जा करणारे शहर ट्रामच्या रुळांपलीकडे पसरले होते.

१९२६ ते १९३६ : चार आण्यांची बस

पहिल्या वर्षअखेरीस ताफा होता २४ गाड्यांचा. अफगाण चर्च–क्रॉफर्ड मार्केट या मार्गाबरोबर दादर ट्राम टर्मिनसहून परळ-लालबागमार्गे किंग्ज सर्कल आणि ऑपेरा हाऊस ते लालबाग हे मार्ग सुरू झाले. १९२६ च्या डिसेंबरअखेरपर्यंत सहा लाख प्रवासी बसमध्ये चढले. पुढच्या एका वर्षात हा आकडा ३८ लाखांवर गेला आणि गाड्या ४९ झाल्या.

हे आकडे वाचून बस पहिल्या दिवसापासून लोकांची झाली असे वाटेल. तसे झाले नाही. म्युझियमपासून दादरपर्यंत ट्राम दीड आण्यात नेत असे. त्याच प्रवासाला बस चार आणे घेई. गिरणी कामगाराने आणि पेढीवरच्या कारकुनाने अडीच आणे जादा का मोजावेत? कित्येक वर्षे बस ही वरच्या मध्यमवर्गाची गाडी मानली गेली. ट्राम गरिबाची, बस बऱ्या घरच्यांची, अशी ही विभागणी होती.

ही गोष्ट शताब्दीच्या वर्षी मुद्दाम सांगितली पाहिजे. नवे वाहन आधी परवडणाऱ्यांचे असते आणि ते सगळ्यांचे व्हावे यासाठी कोणाला तरी भाडे, मार्ग आणि फेऱ्या यांचा निर्णय घ्यावा लागतो. मुंबईत तो दबाव महापालिकेने आणला. शहराच्या उत्तर भागातल्या लोकांना ट्राम पुरत नव्हती. महापालिकेच्या आग्रहाने १९३४ मध्ये बससेवा उत्तरेकडे वाढवण्यात आली. तिथून बसचा चेहरा पालटू लागला.

१९३७ ते १९४७ : दुमजली गाडी, मर्यादित गाडी आणि महापालिका

१९३७ मध्ये दुमजली बस आली. तेवढ्याच रस्त्यात जास्त माणसे नेण्याचा उपाय म्हणून ती आणली गेली. वरच्या मजल्यावरची पुढची खिडकी मुलांचे हक्काचे सिंहासन होईल, हे त्या वेळी कुणाच्या हिशेबात नसावे. १९४० मध्ये कुलाबा ते माहीम अशी पहिली मर्यादित बस सुरू झाली. मोजक्या थांब्यांवर थांबणारी अशी गाडी देशात बहुधा पहिलीच. महायुद्धाची वर्षे टंचाईत काढावी लागली. सुट्या भागांवाचून अडलेली गाडी दुसऱ्या दिवशी पुन्हा मार्गावर आणण्याची कारागिरांची ख्याती त्या काळातली.

१९४७ चा पावसाळा मुंबई विसरलेली नाही. १७ जुलैला भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. गिरगाव-परळच्या चाळींत कोकणातले एकही घर असे नव्हते की ज्याला त्याची झळ लागली नाही. किनाऱ्यावरची प्रवासी बोट हे तेव्हा कोकणवासी मुंबईकराचे नित्याचे वाहन होते.

‘रामदास’च्या दुर्घटनेनंतर तीनच आठवड्यांनी, ७ ऑगस्ट १९४७ रोजी, जुन्या करारातल्या अधिकारानुसार महापालिकेने ट्राम, बस आणि वीज ही सारी मालमत्ता ताब्यात घेतली. कंपनीचा उपक्रम झाला. स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी शहराची बस शहराची झाली, म्हणून ७ ऑगस्ट हा आजही ‘बेस्ट दिन’ म्हणून पाळला जातो. त्या दिवशी उपक्रमाकडे २३ मार्गांवर २४२ बस होत्या आणि त्यांतून रोज २ लाख ३८ हजार लोक प्रवास करत होते.

पन्नासचे दशक : दहिसर आणि मुलुंडपर्यंत

फाळणीनंतर आलेले निर्वासित, वाढत्या गिरण्या, नवे कारखाने. माणसे शीव आणि माहीमच्या पलीकडे राहायला गेली. महापालिकेची हद्द १९५० मध्ये उपनगरांत शिरली आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत पोहोचली. उपनगरांत आधी बस चालवत होते ते खासगी मालक. १९५५ मध्ये ही सेवा बेस्टकडे आली. वीजपुरवठा मात्र कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतच राहिला. दक्षिणेतल्या वीजग्राहकाच्या पैशावर उत्तरेतल्या प्रवाशाची तूट भागवण्याची व्यवस्था अशी आपोआप तयार झाली. ती कुणी ठराव करून आखली नव्हती, तरी अर्धे शतक टिकली.

याच सुमाराची एक गोष्ट डेपोत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. दादर डेपोतला बद्रुद्दीन काझी नावाचा वाहक प्रवाशांना हसवत तिकिटे फाडायचा. पुढे तोच जॉनी वॉकर म्हणून पडद्यावर आला. बेस्टने सिनेमाला दिलेला हा माणूस, असे आम्ही अभिमानाने सांगतो. एक चांगला वाहक गमावला, असे म्हणणारेही होते.

साठचे दशक : ट्रामला निरोप

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झाले तेव्हा मुंबईत ट्राम, बस आणि लोकल यांची गर्दी होती. त्यात ११ जून १९६२ रोजी ट्रॉलीबसची भर पडली. गोवालिया टँक ते माझगाव गोदी हा तिचा मार्ग. तारेवरून वीज घेऊन रबरी चाकांवर चालणारी ही गाडी आवाज कमी करी, धूर सोडत नसे. पण तारेला बांधलेले वाहन वळणावळणाच्या गर्दीत अडकले की सगळा मार्गच अडे. २४ मार्च १९७१ रोजी ती बंद झाली. विजेवरच्या बसला मुंबईत परत यायला पुढे सेहेचाळीस वर्षे लागली.

ट्रामचे मार्ग १९५३ पासून एकेक करून बंद होत होते. ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे होते. ट्रामवरची माणसे बसवर घेण्यात आली. रूळ डांबराखाली गेले. ‘दादर टीटी’ हे नाव तेवढे राहिले आणि तिथे कधी ट्राम टर्मिनस होते हे माहीत नसलेली माणसेही ते सहज उच्चारतात.

ट्राम काढण्याचा निर्णय योग्य होता का, यावर उपक्रमात आणि बाहेर मतभेद झाले. त्या चर्चेला इथे जागा देत नाही. एवढे मात्र नोंदवतो की दीड आण्यात गरिबाला दादरला पोहोचवण्याचे काम त्या रात्रीपासून पूर्णपणे बसच्या खांद्यावर आले आणि बसने ते घेतले.

सत्तरचे दशक : रांगेची शिस्त

१९७१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ५९ लाख ७० हजार होती. १९८१ मध्ये ती ८२ लाख ४३ हजार झाली. गाड्या वाढल्या, डेपो वाढले, तरी दोघांनाही माणसांची बरोबरी करता आली नाही. तरीही या काळाचे वर्णन टंचाईचे म्हणून करावेसे वाटत नाही, कारण बेस्टची जी ओळख लोकांच्या मनात आहे ती बरीचशी याच वर्षांत पक्की झाली.

बस थांब्यावरची रांग हे तिचे पहिले लक्षण. पुढच्या पाटीवर मराठी आकडे, बाजूला इंग्रजी. मर्यादित गाडीचा आकडा लाल. २०० च्या मालिकेतले क्रमांक पश्चिम उपनगरांत, ३०० चे पूर्व उपनगरांत, ४०० चे पूर्व-पश्चिम जोडणारे आणि ५०० चे खाडी ओलांडणारे. क्रमांक ऐकला की गाडी कुठल्या अंगाला जाणार हे कळे. ठाणे खाडीवरचा पूल १९७३ मध्ये खुला झाल्यावर वाशीची बाजू जवळ आली.

आणि वाहक. कातडी पिशवी, तिकिटांचा पत्र्याचा ट्रे, हातातल्या पंचची टिकटिक. दोरी एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की चल. दुमजलीत वरचा आणि खालचा असे दोन वाहक असत आणि त्यांच्यातला संवाद घंटीवरच चाले. ‘पुढे चला, पुढे जागा आहे’ हे वाक्य मुंबईत आलेल्या कोणत्याही प्रांताच्या माणसाने बहुधा सर्वांत आधी शिकलेले मराठी वाक्य असेल. सुट्या पैशांवरून होणाऱ्या कुरबुरी त्या काळीही होत्या, यात शंका नाही.

ऐंशीचे दशक : मार्वे ते मनोरी

जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. परळ-लालबागच्या सकाळच्या पाळीच्या गाड्या ओस पडल्या आणि शहराच्या प्रवासाची दिशाच बदलत गेली. काम अंधेरी-मरोळकडे, वस्ती त्याहून पुढे. १९८४ मध्ये कुर्ला डेपोत जुन्या वस्तूंचे संग्रहालय सुरू झाले. पण या दशकाची खरी हकीकत पाण्यावरची आहे.

मालाडच्या पश्चिमेला मार्वेचा किनारा, समोर मनोरी, मध्ये खाडी. पलीकडचे गाव डोळ्यांना दिसते, नाव घेऊन हाक मारावी इतके जवळ. रस्त्याने जायचे तर भाईंदर आणि उत्तनचा मोठा वळसा. मनोरी, गोराई, कुलवेम ही गावे महापालिकेच्या हद्दीत, पाणीपट्टी-घरपट्टीच्या कागदांवर मुंबईत. पण तिथल्या कोळी, ईस्ट इंडियन आणि भंडारी कुटुंबांना शाळा, दवाखाना, बाजार, स्थानक यांसाठी खाडी ओलांडावी लागे. भाडे देणारे प्रवासी थोडे, त्यांच्यापुढे मालाडची लाखभर वस्ती. निव्वळ हिशेब मांडला असता तर तिथे सरकारी बोट चाललीच नसती.

१९८१ साली बेस्टने मार्वे-मनोरी फेरी आपल्या सेवेत घेतली. मालाड स्थानकाहून २७२ क्रमांकाची बस मार्वेला जाते. ती उतरली की जेट्टी. बस आणि बोट या एकाच प्रवासाच्या दोन पायऱ्या मानल्या गेल्या, ही त्या निर्णयातली खरी गोष्ट. बोटीसाठी वेगळा ग्राहक शोधावा लागला नाही. सकाळच्या बोटीत मासळीच्या टोपल्या, शाळेचे गणवेश, डोक्यावर भाजीच्या पाट्या आणि पुढे पुढे दुचाक्याही. भरती-ओहोटीचे वेळापत्रक बसच्या वेळापत्रकात मांडायची वेळ बेस्टच्या कचेरीवर आली ती इथेच. ओहोटीला जेट्टीच्या पायऱ्यांखाली चिखल उघडा पडे, आणि पावसाळ्यात वारा धरला की फेऱ्या थांबवाव्या लागत.

मुंबईच्या बेटांचा इतिहास पाहिला तर यात नवे काही नव्हते. १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे होईपर्यंत वांद्र्याला माणसे होडीनेच जात. भाऊ अजिंक्य यांनी बांधलेला धक्का १८४१ पासून कोकणाला आणि अलिबागला जोडत आला. पण कॉजवे झाले, भराव पडले, रेल्वे आली, आणि शहराने पाण्याकडे पाठ फिरवली. मार्वे-मनोरीची फेरी हा त्या पाठीवरचा एक डोळा म्हणावा लागेल.

हा मार्ग कधी नफ्यात नव्हता. तो नफ्यासाठी नव्हताच.

नव्वदचे दशक : स्फोट, संग्रहालय आणि नवे नाव

या दशकाच्या सुरुवातीला उपक्रमाकडे सुमारे नऊशे दुमजली बस होत्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत चालक-वाहकांनी ज्या वस्त्यांतून गाड्या काढल्या त्या आठवणी अजून डेपोत सांगितल्या जातात. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत वरळीच्या सेंच्युरी बाजारजवळ बस सापडली. दुसऱ्या दिवशी शहराचे दैनंदिन व्यवहार सुरू झाले त्यात पहाटेच्या पहिल्या बसचा वाटा मोठा होता.

त्याच वर्षी संग्रहालय कुर्ल्याहून आणिक डेपोत गेले. १९९५ मध्ये शहराच्या नावाबरोबर उपक्रमाच्या नावातही ‘बृहन्मुंबई’ आले. १९९७ पासून पर्यटन महामंडळासाठी छप्पर नसलेली ‘नीलांबरी’ दक्षिण मुंबई दाखवू लागली. १९९८ मध्ये वातानुकूलित बस आली. समुद्रमार्गाचे प्रयोगही या दशकात झाले; हॉवरक्राफ्ट धावली, तिचे कौतुक झाले, ती बंदही पडली. तिचे भाडे रोजच्या माणसासाठी नव्हते.

२००१ ते २०१० : विजेचा आधार सुटला

२ डिसेंबर २००२ आणि २८ जुलै २००३ रोजी घाटकोपरला बसमध्ये बॉम्बस्फोट झाले. प्रवाशांनी बस टाळली नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या शेकडो लोकांचा रात्रीचा आसरा झाल्या. ११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांतल्या स्फोटांनंतर पश्चिम उपनगरांकडे अडकलेल्या प्रवाशांना घरी पोहोचवायला जादा बस सोडण्यात आल्या. अशा रात्री कुणी कुणाची पाळी विचारली नाही.

या दशकात डिझेलची जागा सीएनजी घेऊ लागली. जांभळ्या वातानुकूलित गाड्या आल्या. त्यांच्या दुरुस्तीच्या कथा कारागीर मंडळींकडूनच ऐकाव्यात. २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून बस गेली.

पण सर्वांत मोठा बदल रस्त्यावर दिसला नाही. २००३ च्या वीज कायद्यानंतर वीजविभागाच्या नफ्यातून बसची तूट भरण्याची जुनी वाट अरुंद होत गेली. पुढे काही वर्षे परिवहनाच्या तुटीचा भार वीजबिलात दाखवला गेला, मग तोही थांबला. एका अंगाने कमवावे आणि दुसऱ्याने चालावे, हा शंभर वर्षांचा हिशेब संपला. तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी याची जेवढी दखल घेतली त्याहून जास्त घ्यायला हवी होती.

२०११ ते २०२० : उतरण आणि एक धाडसी निर्णय

दशकाच्या आरंभी ताफा साडेचार हजारांच्या आसपास होता. मग गाड्या म्हाताऱ्या होत गेल्या आणि त्यांच्या जागी तेवढ्या नव्या आल्या नाहीत. वाहतूक कोंडीने फेऱ्या कमी झाल्या. शेअर रिक्षा, जून २०१४ मध्ये सुरू झालेली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो, मोबाइलवरची टॅक्सी यांनी प्रवासी नेले. भाडेवाढीने त्यांतले काही परत आलेच नाहीत. वाहकांच्या हाती इलेक्ट्रॉनिक तिकीट यंत्र आले आणि पत्र्याचा ट्रे गेला. नोव्हेंबर २०१७ मध्ये विजेवरच्या बस मार्गावर आल्या.

२०१९ च्या जानेवारीत काही दिवस सेवा खंडित झाली. त्याच वर्षी ९ जुलैपासून किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आणण्यात आले, वातानुकूलित गाडीला सहा रुपये. भाडे कमी करून प्रवासी वाढवायचे, हे सगळीकडच्या रिवाजाच्या उलट होते. थांब्यांवर पुन्हा रांगा लागल्या. १९२६ मध्ये कंपनीने पहिल्या दिवसापासून हेच केले असते तर बसला बऱ्या घरच्यांची गाडी म्हणून इतकी वर्षे काढावी लागली नसती, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. भाड्याने घेतलेल्या गाड्या, ज्यांत चालकही कंत्राटदाराचा, याच सुमारास ताफ्यात वाढू लागल्या.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत लोकल थांबली. परिचारिका, सफाई कामगार, पोलीस, रुग्णालयांचे कर्मचारी यांना घेऊन रिकाम्या शहरातून फक्त लाल बस धावत होती. त्या महिन्यांत उपक्रमाने आपले अनेक सहकारी गमावले. या स्मरणिकेतले हे पान त्यांच्यासाठी आहे.

२०२१ पासून आजपर्यंत : पुन्हा पाण्याकडे

मोबाइलवर गाडी कुठे आहे ते दिसू लागले, कार्डाने भाडे भरता येऊ लागले. महिला चालकांच्या हाती स्टिअरिंग आले. विजेवरची दुमजली बस फेब्रुवारी २०२३ मध्ये सीएसएमटी ते एनसीपीए मार्गावर सुरू झाली आणि १५ सप्टेंबर २०२३ रोजी जुन्या बांधणीची शेवटची दुमजली गाडी अंधेरीत आगरकर चौक ते सीप्झ अशी फुग्यांनी सजून धावली. तीन आठवड्यांनी ‘नीलांबरी’ही थांबली. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात झालेल्या बस अपघाताने चालकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न ऐरणीवर आणला. तो विसरून चालणार नाही. मे २०२५ पासून किमान भाडे दहा रुपये झाले आहे, वातानुकूलित गाडीला बारा.

१७ फेब्रुवारी २०२२ रोजी माझगावच्या क्रूझ टर्मिनलहून बेलापूरला वॉटर टॅक्सी सुरू झाली. तिच्याशी बेस्टचा थेट संबंध नाही. पण पाण्यावरच्या प्रवासाचा मार्वेचा अनुभव ज्या संस्थेकडे आहे तिने यावर बोलले पाहिजे. मोठ्या बोटीचे भाडे होते २९० रुपये, स्पीडबोटीचे आठशेच्या घरात. बेलापूरहून रोज फोर्टात येणारा कारकून हे महिन्याला किती दिवस देईल? बोटी होत्या, जेट्टी होती, खाडीही होती; प्रवासी आले नाहीत आणि फेऱ्या विरत गेल्या. एप्रिल २०२३ मध्ये कोचीत सुरू झालेल्या वॉटर मेट्रोचे किमान भाडे वीस रुपये ठेवले गेले. तिथे बोट मेट्रो आणि बस यांच्या जोडीने चालते, आणि ती भरते. कोचीच्या मेट्रो कंपनीकडून आता मुंबईसाठी अभ्यास करून घेतला जात आहे. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला गाड्यांसह माणसे नेणारी रोरो मार्च २०२० पासून आहे. तिला प्रवासी मिळाले, कारण ती अलिबागचा कित्येक तासांचा रस्ता वाचवते.

दरम्यान १३ जानेवारी २०२४ रोजी लोकांसाठी खुल्या झालेल्या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूवरून त्याच वर्षी मार्चमध्ये एस-१४५ क्रमांकाची बस कफ परेडहून बेलापूरला जाऊ लागली. जे समुद्रावरून बोटीने साधले नाही ते बसने पुलावरून करून दाखवले, असे म्हणायला हरकत नाही. पण जिथे पूल नाही तिथे बोटच लागणार, आणि ती बसच्या भाड्यात लागणार. मनोरीत चाळीसहून अधिक वर्षे हेच सिद्ध झाले आहे.

आज उपक्रमाच्या २७ डेपोंतून तीन हजारांच्या आत गाड्या निघतात. त्यांतल्या स्वतःच्या मालकीच्या काही शेकड्यांवर आल्या आहेत. तरीही रोज पंचवीस-तीस लाख लोक बसने जातात. गणेश विसर्जनाची रात्र, माउंट मेरीची जत्रा, ६ डिसेंबरची चैत्यभूमी यांसाठी जादा गाड्या दरवर्षी सुटतात. शताब्दीनंतरच्या पहिल्या वर्षात उपक्रमाने दोन गोष्टी कराव्यात, असे या लेखकाचे मत आहे: स्वतःच्या गाड्यांचा ताफा पुन्हा वाढवावा आणि खाडीवरच्या कोणत्याही नव्या योजनेत बेस्टच्या तिकिटाला जागा मागून घ्यावी.

आणिकच्या संग्रहालयात जुन्या ट्राम-बसच्या प्रतिकृती, तिकीट पंच, गणवेश आणि छायाचित्रे आहेत. मार्वे-मनोरी फेरीची जुनी तिकिटे, पास, वेळापत्रके किंवा जेट्टीवरची छायाचित्रे तिथे फारशी नाहीत. मनोरी, गोराई, कुलवेम आणि मालाडमधल्या ज्या कुटुंबांकडे अशी एखादी वस्तू पेटीत पडून असेल, निवृत्त सहकाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे जुने पंच, बिल्ले किंवा ट्रे असतील, त्यांनी ते संग्रहालयाला द्यावेत, अशी विनंती आहे. सोबत दात्याचे नाव आणि वस्तूचे साल एका चिठ्ठीवर लिहून द्यावे.